सानगडीचा तलाव आणि वीस मिनिटांची हवा

मावशीचं पत्र आलं तेव्हा माझा धाकटा भाऊ वसंता तीन महिन्यांपासून नागपुरात माझ्याकडे रिकामा बसून होता. मुंबईच्या गोदीत तो पाणबुड्या होता. खोल पाण्यात कानाचा पडदा फाटला आणि ठेकेदाराने त्याला घरी पाठवलं. येताना त्याने एका खलाशाकडून पाण्याखाली श्वास घ्यायचा छोटा संच आणला होता. हातभर लांबीची हवेची टाकी, एक नळी, तोंडात धरायचा तुकडा, काचेचा मुखवटा. सगळं माझ्या भाजीच्या पिशवीत मावायचं.

"ताई, उथळ पाण्यात कान आड येत नाही," तो म्हणायचा. "विहिरी, तलाव, बंधारे. एवढ्यावर माझं आयुष्य निघेल."

मावशीने लिहिलं होतं की सानगडीजवळच्या तलावाचं तुडूम, म्हणजे शेताला पाणी सोडायचं तोंड, गाळात अडकून बसलंय. परतीचा पाऊस आलाच नाही. धान निसवलंय, लोंब्या बाहेर पडल्यात. आठवड्यात पाणी मिळालं नाही तर दाणा भरणार नाही. वसंताने पत्र दोनदा वाचलं आणि पिशवी भरायला घेतली. मला जायचं नव्हतं. पण त्याच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी जे आलं होतं ते बघून त्याला एकट्याला पाठवायचा धीरही होईना.

ही एक्क्याऐंशीच्या ऑक्टोबरातली गोष्ट. कुणी त्या बाजूला जाणार असेल तर सांगते, नागपूरहून सकाळची साकोली एस.टी. धरावी. भंडाऱ्याला वैनगंगेचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सुरू होतात. एरवी हा हिरवा रंग डोळ्यांत मावत नाही. त्या दिवशी तो कडेकडेने पिवळा पडलेला होता. साकोलीच्या स्टँडवर उकडलेले शिंगाडे मिळतात, चार-आठ आण्यांत पोट भरतं. पुढची सानगडीची गाडी येईल तेव्हा येते. आम्ही दीड तास थांबलो. वसंता पिशवी मांडीवरून खाली ठेवत नव्हता.

मावशीकडे चुलीवरचा भात आणि तलावातल्या झिंग्यांचं कालवण होतं. काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, टाकी उचलून बघितली.

"हे त दुधाच्या बरनीएवढं आहे. यात हवा किती राह्यते?"

"वीस मिनिटांची."

"न् सरली मंग? सायकलच्या दुकानात भरून भेटते काय?"

सगळे हसले. वसंताही हसला. पण ते खरंच होतं. ती हवा गोदीतल्या यंत्रावर भरलेली होती आणि अख्ख्या जिल्ह्यात ती पुन्हा भरायची सोय नव्हती. जे काही करायचं ते त्या वीस मिनिटांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या पाळीवर निम्मं गाव जमलं होतं. सोमाजी ढिवर भेटला. साठीचा, काटक. आजवर तुडूम उघडायला तोच उतरायचा. त्याने वसंताला समोर बसवून सांगितलं, "भाऊ, आमी एका दमात खाली जातो. भोकात लाकडाचा दट्ट्या आहे, त्याच्या कडीले दोर बांधतो न् वर येतो. मंग पाळीवरून मानसं वढतात. कडी गाळात गेली, मले दम पुरून नाही राहिला, म्हनून अडलं. तुमी गाळ काढा, दोर बांधा, न् वर या. भोकापुढं हात नेऊ नका."

"माझ्याजवळ वेळ आहे, सोमाजी."

"तेच म्हनतो मी. वेळ आहे म्हनून थांबू नका."

वसंताने मान हलवली. कंबरेला दोर बांधला, त्याचं टोक सोमाजीच्या हातात दिलं आणि तो उतरला. पाणी दोन पुरुष खोल होतं आणि चहासारखं गढूळ. मुखवट्याचा तिथे काही उपयोग नव्हता, हे त्याने मागून सांगितलं. सगळं हाताने चाचपायचं. मला दिसत होते ते फक्त बुडबुडे. मी ते बघत बसले.

बराच वेळ गेला. अचानक पाळीच्या खालच्या अंगाला ओरडा झाला. "आलं! पानी आलं!" बायका पाटाकडे धावल्या. कुणी गुळाचा खडा वाटू लागलं. मी उठून उभी राहिले तेवढ्यात ओरडा थांबला.

"बंद काहून झालं रे?"

सोमाजीच्या हातातल्या दोराला तीनदा जोरात हिसका बसला.

त्याला क्षणात कळलं. वसंताने दट्ट्याच्या कडीला दोर बांधलाच नव्हता. गाळ निघाला, दट्ट्या हलतोय असं वाटलं, आणि हवा शिल्लक होती म्हणून तो हातानेच उपटत राहिला. दट्ट्या निघाला तसं पाण्याने त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भोकात ओढून नेला.

"खालून तोंड बुजवा!" सोमाजी पाटाकडे बघून ओरडला.

"पागल झाला काय, बुढ्या? आत्ता त आलं पानी!"

"मानूस अडकला अंदर! पाटाकडून बुजवलं त वढ थांबन! तनस टाका, चिखल टाका, अंगावरचं टाका!"

पहिलं धोतर काकांनी सोडलं. मग गोणपाटं, तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, भारे, लुगडी. ज्या पाण्याची महिनाभर वाट बघितली त्याच्याच तोंडात ती माणसं हातांनी चिखल कोंबत होती. पाळीवर मी आणि दोर धरलेला सोमाजी, दोघंच. बुडबुडे येत होते. मग विरळ झाले. सोमाजी एका दमात खाली गेला, वर आला, पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी वसंताला काखेत घेऊन वर आला.

साकोलीच्या दवाखान्यात पट्टी करून रात्री मावशीकडे परतलो, पुढचा इलाज नागपुरात झाला. हात वाचला, बोटं मिटत नाहीत. निघायच्या सकाळी सोमाजीने, वसंताला काढल्यावर परत भोकात बसवलेल्या दट्ट्याला दोर बांधला, पाटाचं तोंड मोकळं केलं आणि गावाने ओढून तुडूम उघडलं. पाण्याचा आवाज आम्ही बैलगाडीतून ऐकला. वसंताने मान वळवली नाही.

अशा छोट्या संचाबद्दल मला विचाराल तर मी काय सांगू? त्या हवेनेच त्याला तिथे थांबवलं आणि लोक चिखल कोंबेपर्यंत त्याच हवेने त्याला जिवंत ठेवलं. गाडीत बसताना वसंता म्हणाला होता, "सोमाजी, हा संच तुम्ही ठेवा." म्हाताऱ्याने टाकी परत त्याच्या मांडीवर ठेवली. "नको भाऊ. दम सरते म्हनून मी वर येतो. हे असन त मी बी थांबन."

संच आता माझ्या पलंगाखाली आहे. डाव्या हाताने जेवताना वसंताला लाज वाटते, म्हणून तो घरातल्या सगळ्यांनंतर बसतो आणि मीही त्याच्यासाठी थांबते. पौषात मावशीने नव्या तांदळाची पिशवी धाडली. त्याच दुपारी तो भात केला.

"तिकडचा?" त्याने विचारलं.

"हो."

"सगळं पिकलं?"

"पिकलं म्हणते मावशी."

वाफ येत होती. त्याचा उजवा हात सवयीने ताटाकडे गेला, भातावर जरा थांबला आणि मांडीवर परत आला. मी वरणात बराच वेळ डाव फिरवत राहिले.