मास्तर उभे राहिले नाहीत

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते गाडी चालवायला शिकवायचे. नदीकाठच्या त्या शहरातल्या निम्म्या लोकांनी स्टिअरिंग पहिल्यांदा हातात धरलं ते मास्तरांच्या शेजारी बसून. डॉक्टर, वकील, नळ दुरुस्त करणारे, पोलीस आणि नवऱ्याला न सांगता शिकायला येणाऱ्या बायका, सगळेच त्यांचे विद्यार्थी. गाडी जुनी, पांढरी, शेजारच्या सीटपाशी जादा ब्रेक बसवलेली. मास्तरांचा आवाज कधी चढत नसे. मागचा हॉर्न वाजवायला लागला की ते म्हणायचे, "वाजवू दे. त्याचा हॉर्न, त्याची हौस. आपण आपला गिअर टाकू."

या माणसाला कुणी राजकारणात ओढलं असेल असं वाटणार नाही, पण ओढलं. प्रांताच्या विधानसभेची निवडणूक आली तेव्हा दोन्ही पक्षांनी असे उमेदवार दिले की लोकांना दगडापेक्षा वीट मऊ म्हणायचीही सोय राहिली नाही. गल्लीतल्या लोकांनी मास्तरांना अपक्ष म्हणून उभं राहायला सांगितलं. ते नको नको म्हणत होते. शेवटी त्यांची बायको म्हणाली, "राहा की उभे. पडलात तरी संध्याकाळी जेवायला घरीच याल, निवडून आलात तरी घरीच याल."

ते निवडून आले. संध्याकाळी घरीही येत राहिले. पण दुसऱ्या वर्षी बायको आजाराचं निमित्त होऊन गेली, आणि घरी येण्यात काही राहिलं नाही. मुलगी देशाच्या राजधानीत वकिली करायची. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि बापलेकीचं बोलणं तासभर चालायचं. ती कोर्टातल्या गमती सांगायची, ते विद्यार्थ्यांच्या. एरवी शेजारच्या गल्लीत राहणारी थोरली बहीण अधूनमधून डबा घेऊन यायची. बाकी घरात भांडं पडलं तरी ते मास्तरांच्याच हातून.

सभागृहात ते फारसं बोलत नसत. बोलायला उठलेच तर विषय रस्त्याचा असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खड्डे, वळणं, शाळेपुढचे गतिरोधक. त्यांना कुणी शत्रू नव्हता. पक्षच नसल्यामुळे मित्र म्हणावा असाही कुणी नव्हता.

मग ती सकाळ उजाडली. राष्ट्राध्यक्षांनी दूरचित्रवाणीवर येऊन देशाची संसद बरखास्त केली. राज्यघटना काही काळ बाजूला ठेवत आहोत, निवडणुका योग्य वेळी घेऊ, असं ते म्हणाले. योग्य वेळ कोणती, हे सांगितलं नाही. तासाभरात मुलीचा फोन आला. मागे गर्दीचा आवाज होता.

"बाबा, आम्ही सगळे संसदेसमोर आलोय. तुमची विधानसभा काय करणार?"

"दुपारी बैठक बोलावली आहे. तू जपून राहा."

"जपून राहायची वेळ गेली, बाबा."

दुपारी ठरावाचा मसुदा हातात आला. भाग दोन होते. पहिल्यात म्हटलं होतं, संसद बरखास्त करण्याचा हुकूम हा प्रांत मानत नाही. दुसऱ्यात म्हटलं होतं, प्रांताचे पोलीस यापुढे फक्त प्रांताच्या विधानसभेचे आदेश पाळतील आणि केंद्राच्या फौजेला नदीवरच्या पुलाअलीकडे येऊ देणार नाहीत.

मास्तरांनी तो कागद दोनदा वाचला आणि मुख्यमंत्र्यांना गाठलं. मुख्यमंत्री बाई होत्या, साठीच्या, तुटक बोलणाऱ्या. चहाच्या खोलीत त्या उभ्याउभ्याच बिस्किट खात होत्या.

"बाई, पहिला भाग मला मनापासून मान्य आहे," मास्तर म्हणाले. "दुसऱ्यावर मत वेगळं घ्या."

"ठराव फोडला तर उद्या पेपरात प्रांतात फूट म्हणून येईल. त्यांना तेच हवंय."

"पण पुलावर उभं कोण राहणार? तुम्ही नाही, मी नाही. काठ्या घेतलेले आपले पोलीस, आणि समोर बंदुका घेतलेली फौज. पोलिसांतली कितीतरी पोरं माझ्या हाताखाली शिकलीत."

"आणि आपण नुसता निषेध करून घरी गेलो तर?"

"तर काही उपयोग नाही. तेही कळतंय मला."

"मग म्हणणं काय आहे तुमचं?"

"मला भीती वाटते. एवढंच म्हणणं आहे."

बाई रागावल्या नाहीत. "मलाही वाटते," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला मी आमच्यातच धरलंय, मास्तर." आणि त्या आत गेल्या.

भाषणं झाली. जन्मभर एकमेकांची उणीदुणी काढणारे त्या दिवशी एका सुरात बोलले. मग सभापतींनी ठरावाच्या बाजूच्या सभासदांना उभं राहायला सांगितलं. एकदम सगळ्या खुर्च्या सरकल्या. सत्ताधारी उठले, विरोधक उठले, मास्तरांच्या शेजारचा म्हातारा सभासद काठी टेकत उठला. मास्तर उठले नाहीत. त्यांनी ठरवून तसं केलं, असं पुढे लोक म्हणाले. खरं तर त्यांचं काहीच ठरलं नव्हतं. ते खुर्चीची कड धरून बसले होते, उठायचं की नाही याचा विचार करत होते, आणि त्यांचा विचार संपायच्या आत मोजणी संपली. मग विरोधात असलेल्यांना उभं राहायला सांगितलं. कुणीच उठलं नाही. मास्तरही नाहीत. सगळीकडे उभी माणसं आणि मधोमध एक बसलेलं डोकं, हे चित्र देशभर दिसलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही का नाही उठलात?"

त्यांनी सगळं सांगितलं. पूल, पोलीस, दुसरा भाग. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आम्ही इथे रस्त्यात बसून मोबाइलवर बघत होतो. माझ्या शेजारच्या मुलीनं विचारलं, हा कोण गं माणूस? मी सांगितलं नाही."

पलीकडून फोन बंद झाला. कान गरम होईपर्यंत त्यांनी तो कानाला तसाच धरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी बहीण डबा घेऊन आली. "सगळं गाव एकीकडे आणि आमचे बंधुराज एकीकडे," ती म्हणाली. "अरे, निदान नाही तरी म्हणायचंस. धड ना इकडचा, धड ना तिकडचा."

"तुला काय वाटतं ताई? माझं चुकलं?"

"मला वाटतं तू आधी जेव. गार होतंय."

गाडी शिकायला येणारे एकेक करून गळाले. कुणी भांडलं नाही. कुणाची कंबर दुखायला लागली, कुणाला पुढच्या महिन्यात जमणार होतं. सलूनमध्ये एक विनोद फिरत होता: मास्तर तरी काय करणार, त्यांचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. मास्तर दाढीला गेले असताना तो त्यांच्या कानावर आला. त्यांना तो खरंच आवडला आणि ते मोठ्यानं हसले. पण त्यांच्याबरोबर कुणी हसलं नाही. सगळे आरशात बघत राहिले.

एक माणूस मात्र हात जोडून घरी आला. राष्ट्राध्यक्षांच्या बाजूचा, बाजारातला मोठा व्यापारी. हातात फुलांचा गुच्छ. "सगळ्या सभागृहात तुम्ही एकटे शहाणे निघालात," तो म्हणाला. मास्तरांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. त्या आठवड्यात बहिणीखेरीज एवढा एकच माणूस त्यांना प्रेमानं भेटायला आला, आणि तोच नको होता.

फौजेचे ट्रक पुलाच्या पलीकडे येऊन थांबले. अलीकडे पोलिसांनी आडवी बाकं टाकली, वाळूची पोती रचली. मास्तरांना घरात चैन पडेना. त्यांनी मोठ्या थर्मासमध्ये चहा भरला, गाडी काढली आणि पुलापाशी गेले.

तिथे बंदोबस्तावर एक हवालदार बाई होती. चांगली उंच, रुंद खांद्यांची. शिकायला आली तेव्हा तिला गाडी पुढे नेता येत नव्हती, मागे मात्र सरळ रेषेत घ्यायची. मास्तरांनी तिचं नाव 'रिव्हर्स' ठेवलं होतं.

"काय रिव्हर्सबाई, चहा घेणार?"

तिनं सलाम केला, पण हसली नाही. "घेऊ की. थंडी आहे."

तिनं कप हातात घेतला. बाकीचे पोलीस जरा लांबच उभे राहिले. पलीकडे एक जवान ट्रकच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. इतक्या अंतरावरूनही तो अगदी कोवळा दिसत होता.

"मास्तर, एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी आमच्यासाठी बसून राहिलात म्हणे."

"तुमच्या जिवाची काळजी वाटली गं."

"ते खरं असेल. पण मत द्यायच्या आधी आम्हाला विचारलंत का? मी इथे कुणी ढकललं म्हणून उभी नाही. आम्हाला त्याच दुपारी ठाण्यात विचारलं होतं, ज्याला नको त्यानं घरी जावं म्हणून. मी हात वर केला. घरी लहान पोर आहे माझं, तरी केला. आणि टीव्ही लावला तर आमचे मास्तर बसलेले." तिनं चहाचा घोट घेतला. "आमच्या वतीनं घाबरायला आम्ही तुम्हाला सांगितलं नव्हतं."

पुष्कळ उत्तरं मास्तरांनी मनात तयार ठेवली होती, मुलीसाठी, बाईंसाठी, सलूनमधल्या लोकांसाठी. यातलं एकही इथे चालणारं नव्हतं.

"नव्हतं सांगितलं," ते म्हणाले.

तिनं कप रिकामा करून परत दिला. "चहा चांगला होता. आता निघा तुम्ही. इथे थांबायची परवानगी नाही कुणाला."

पुढे जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गोळी सुटली नाही. इतर प्रांतांच्या विधानसभांनीही तसेच ठराव केले, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्राध्यक्षांचा हुकूम बेकायदा ठरवला. एका दुपारी पलीकडचे ट्रक वळले आणि आल्या वाटेनं निघून गेले. लोक पुलावर धावले. पोलिसांना खांद्यावर घेतलं, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. मास्तर काठावर, औषधाच्या दुकानाच्या पायऱ्यांवरून बघत होते. त्यांचे डोळे भरून आले. आनंद खरा होता, अगदी पुलावरच्या लोकांइतकाच. पण तो कुणाला सांगावा, हे त्यांना कळेना. मुलीला फोन लावला. तिनं उचलला नाही. संध्याकाळी निरोप आला: 'मी ठीक आहे.'

विधानसभेत अभिनंदनाची बैठक झाली. नंतर सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा होता. मुख्यमंत्री बाई स्वतः बोलवायला आल्या. "चला मास्तर, तुम्हीही याच सभागृहाचे."

"नको बाई. लोक विचारतील, हा उभा कसा?"

बाई हसल्या, आणि हसल्याबद्दल त्यांना वाईटही वाटलं असावं. मुदत संपेपर्यंत मास्तर रोज सभागृहात जात राहिले, रस्त्यांबद्दल बोलत राहिले. पुढच्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत, आणि कुणी आग्रहही केला नाही.

मुलगी वर्षभरानं घरी आली. दोन दिवस तिनं आईचं कपाट आवरलं, पडदे धुतले, आत्याकडे जाऊन आली. निघायच्या दिवशी बूट घालता घालता म्हणाली, "बाबा, माझा राग गेलेला नाही. जावा असं वाटतं, पण जात नाही."

"असू दे. राग असला तरी येत जा."

ती येते. रविवारचा फोनही पुन्हा सुरू झाला. पण पूर्वी बोलणं आवरतं घ्यावं लागायचं, आता विषय शोधावा लागतो. ती विचारते गोळ्या घेतल्या का, ते म्हणतात घेतल्या. ते विचारतात तिकडे हवा कशी आहे, ती म्हणते बरी आहे.

मग दुसऱ्या प्रांतातून बदलून आलेली एक बाई शिकायला आली. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करणारी, भरपूर बोलणारी. तिला मास्तर कोण हे माहीत नव्हतं. वळणावर ती दरवेळी "अगं बाई गं" म्हणायची आणि मास्तर म्हणायचे, "तिला बोलावू नका, तुम्हीच वळवा." किती दिवसांनी त्यांच्या गाडीत हसणं ऐकू येत होतं. सकाळी ते चक्क इस्त्रीचा शर्ट घालायला लागले.

एके दिवशी ती गप्पच आली. दोन चौक गेले तरी बोलेना.

"कळलं वाटतं," मास्तर म्हणाले.

"काल कामावर कुणीतरी सांगितलं. एक विचारू?"

"गाडी बाजूला घेऊन विचारा. चालवताना अवघड प्रश्न नकोत."

तिनं गाडी नीट कडेला लावली, हँडब्रेक ओढला. "आज पुन्हा ती वेळ आली तर उठाल?"

मास्तरांनी सवयीनं मागच्या आरशात बघितलं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "आधी ठाण्यात जाऊन पोलिसांना विचारून येईन, एवढं नक्की. मग कदाचित उठेन."

"बरं," ती म्हणाली, आणि तिनं गाडी सुरू केली. ती शिकायला येत राहिली, पण वळणावरचं "अगं बाई गं" बंद झालं. कदाचित तोवर तिला वळवायला यायला लागलं असेल.

परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. मास्तरांचा हात हातात घेऊन आभार मानले आणि बसथांब्याकडे गेली. मास्तर गाडीत बसले. शेजारी शिकणारं कुणी नसलं की त्यांना नेहमीच जरा अवघडल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी ते सरळ घरी गेले नाहीत. नदीकाठानं लांबचा रस्ता घेतला आणि सावकाश, प्रत्येक वळणावर आधी खूण देत, गाडी चालवत राहिले. मागे कुणीही नव्हतं.