चादर न चढवता केलेला प्रचार

पंचायत समितीला मी एकदाच उभा राहिलो आणि पडलो. लोहारा तालुक्यात आमचा पक्ष मधल्या वाटेचा. प्रचाराची सुरुवात ठरलेली: सकाळी मारुतीला नारळ, तिथून तसंच पुढं दर्ग्यावर चादर. वडील याच रीतीनं निवडून येत. ते गेल्यावर तिकीट माझ्याकडं आलं.

त्या वर्षी जिल्ह्याच्या बैठकीत नवं शहाणपण निघालं. समोरचा पक्ष धर्मावर मतं नेतोय, तर आपणही जरा तिकडं सरकायचं. तुळजापूरला देवीपुढं नारळ फोडायचा, भगवे फेटे बांधायचे, चादर यंदा नको. मला ते पटलं नव्हतं, असं आता म्हणणं सोपं आहे. पण पटलं होतं. दर्ग्याकडची मतं जातात कुठं, असं मीच म्हणालो होतो.

गावात आमचा बूथ सांभाळायचे ते एक वयस्कर शिंपी, वडिलांचे दोस्त. मी त्यांना चाचा म्हणतो. दर निवडणुकीला ते स्वतः चादरीला जरीची किनार लावून ठेवत. त्या वर्षीही ठेवली होती. आमची जीप दुकानासमोरून गेली तेव्हा ते चादर घेऊन उठले. मी नुसते हात जोडले आणि ड्रायव्हरला चल म्हणालो.

मतदानाला चाचा नेहमीसारखे बूथवर बसले. त्यांच्या गल्लीतलं मात्र फारसं कुणी आलं नाही. आणि फेटे बघून आमच्याकडं कोण येणार? ज्यांना फेटेच हवे होते त्यांच्यासाठी समोरचा पक्ष होता. तेलही गेलं, तूपही गेलं. पक्षात अजून वाद चालतो, जास्त सरकलो म्हणून पडलो की कमी.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो, तेही माफी मागायला नव्हे, जाब विचारायला. तुमची गल्ली का आली नाही, म्हणालो. चाचांनी मशीन थांबवली.

"म्या घरोघर गेलो की. लोक इचारत व्हते, यंदा चादर का न्हाय? तू मला काय सांगून ठेवलं व्हतंस का, म्हंजी म्या त्यांना सांगितलं असतं?"

तोंड वर करून आलो होतो, ते खाली गेलं. तरी खोड जाईना. तुम्ही तरी मला मत दिलंत का, असं विचारून बसलो.

चाचांनी सुईत दोरा ओवला.

"दिलं की. पर ते तुझ्या बापाला."