सहभागी क्रमांक सात

उपयोजित मानसशास्त्रातल्या उत्कृष्ट संशोधनाचा पुरस्कार मला जाहीर झाल्याचं पत्र आलं. टेमघरच्या घरी आई पेढे वाटत होती, मी तेच पत्र पाचव्यांदा वाचत होते. आई म्हणाली, "अगं, बक्षीस मिळालंय ना? मग समन्स आल्यासारखं तोंड का केलंयस?"

कारण पत्रात सातव्या सहभागीचं भरभरून कौतुक होतं. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात कामगार एकमेकांशी कसे बोलतात, हा माझा विषय. त्यासाठी कामतघरच्या एका कारखान्यात मी दोन वर्षं जात होते. तिथले एक चाचा जवळजवळ बहिरे झालेत. धागा तुटला की लूमची धडधड बदलते, ती ते डावा तळवा टेकवून ओळखतात. सेठला कळलं तर लूमवरून काढतील, म्हणून त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, आणि मी शब्द दिला होता. संशोधनाच्या पुस्तकात मी नाव टाळलं, नुसतं 'सहभागी क्रमांक सात' लिहिलं, आणि वर तळव्याचं साग्रसंगीत वर्णन केलं! असा तळवा टेकवणारा त्या कारखान्यात दुसरा आहे कोण? एवढी शिकलेली मी, अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे.

समारंभात त्या ओळी वाचून दाखवणार होते आणि पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून कारखान्याचे सेठ बसणार होते. चार दिवस मला अन्न गोड लागेना. फोनवर फोन केले, हातापाया पडले, तेव्हा कुठे आयोजकांनी त्या ओळी गाळल्या.

तशीच रिक्षा करून कारखान्यात गेले. चाचांशी माझं बोलणं हिंदीतच चालायचं. त्यांच्या समोर उभी राहून म्हटलं, "हथेलीवाला हिस्सा निकलवा दिया, चाचा. आपको सुनाई नहीं देता, ये सेठ को पता नहीं चलेगा." लूमच्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे मी निर्धास्त होते.

चाचांनी वळून पाहिलं. त्यांच्या मागे, रांगेच्या टोकाला मुकादम उभा होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. तिथे सगळेच ओठ वाचतात. दोन वर्षं मी हेच तर लिहून काढलं होतं, बक्षीसही त्याचंच होतं.

दुसऱ्या दिवशी चाचांना लूमवरून काढून सुताच्या कांड्या भरायला बसवलं.

तरी ते समारंभाला आले. इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले. माझ्या खांद्यावर शाल पडली. परीक्षक म्हणाले, बाईंना कामगारांची भाषा उत्तम समजते. टाळ्या झाल्या. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मी आवाज न करता नुसते ओठ हलवले, "चाचा, गलती हो गई मुझसे."

तिकडून त्यांचेही ओठ हलले, "सामने देख, बेटी. फोटो निकाल रहे हैं."