जांभळ्या दिव्याची सुतळी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या धाकट्या भावाची पाठ भाजली ती माझ्यामुळे. घरात सगळे समजतात की ते माझ्या बायकोच्या हातून झालं. तीही तसंच समजते.

तेव्हा आमच्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. रनाळ्याची शेती वाट्याने देऊन आम्ही नंदुरबारात राहत होतो. मिरचीच्या बाजारात वडिलांची अडत होती आणि दिवसभर तिथे मी असायचो. भाऊ धुळ्याला कॉलेजात होता. त्याला लहानपणापासून इसब. त्या हिवाळ्यात ते पाठभर पसरलं, सदरा चिकटायला लागला, तेव्हा तो शिक्षण अर्धवट टाकून घरी आला. मलमं झाली, कडुनिंबाचं पाणी झालं. शेवटी मामांनी त्याला सुरतेच्या डॉक्टरांकडे नेलं. येताना दोघं रेल्वेतून एक लाकडी पेटी घेऊन आले. पेटीत गवतात गुंडाळलेला दिवा होता.

डॉक्टर त्याला अल्ट्राव्हायोलेट म्हणाले होते. आमच्या घरात तो जांभळा दिवा झाला. लावला की खोलीत विजेची ठिणगी उडाल्यासारखा वास यायचा. डॉक्टरांनी दिव्याला एक सुतळी बांधून दिली होती आणि सुतळीला एक गाठ मारली होती. सुतळी ताणून धरायची, गाठ पाठीला टेकेल तिथे दिवा ठेवायचा. लांब ठेवला तर उपयोग नाही, जवळ आणला तर कातडी भाजेल. वेळ भाऊ स्वतःच मनगटावरच्या घड्याळात बघायचा. दिवा ठेवायला मात्र मागे कुणीतरी लागायचं.

आईला तो उजेड सोसेना. मी बाजारातून यायचो तो मिरचीची धूळ अंगावर घेऊन. मी नुसता दारात उभा राहिलो तरी भाऊ पाठ खाजवायला लागायचा. आईने मला बजावलं, "तू त्या खोलीमा जाऊच नको." राहिली माझी बायको.

आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसत. मला पाणी हवं असलं तर मी भिंतीकडे बघून मागायचो, आणि ती तांब्या ठेवून निघून जायची. दिराशी मात्र तिने हसावं, बोलावं, थट्टा करावी. त्यात कुणाला काही वाटत नसे. मलाही वाटायला नको होतं.

पण रोज संध्याकाळी मी ओट्यावर बसायचो आणि आतून तिचं हसू ऐकू यायचं. ती असं हसते हे मला तोवर माहीत नव्हतं.

डोळ्यांना जपायचं म्हणून दोघांनाही काळे चष्मे होते. एकदा दाराच्या फटीतून मी पाहिलं. डोक्यावर पदर, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात सुतळी.

"वहिनी, तू त सिनेमानी नटी दिखी ऱ्हायनी!"

"आनि तुम्ही? भजनमा पेटी वाजाडनारा बुवा! हालू नका. हालशात त दिवा बंद करी देसू."

"बंद कर. मंग मन्ही खाज तू काढशी का?"

"मन्ही जाऊ यी तवय ती काढी. आते गप बसा."

स्वयंपाकघरात आईसुद्धा हसली. मी उठून बाजाराकडे निघून गेलो.

पाठ सुधारत होती. खवले गळायला लागले होते, भाऊ सदरा घालून झोपू लागला होता. आई बायकोचं कौतुक करायची, "इना हातले गुण शे." मला त्या गुणाचाही राग यायचा. मी कधी तापाने पडलो असतो तर ती अशी बसली असती का, हे मी मनात सतत घोळवत राहायचो.

एका दुपारी भाऊ आंघोळीला गेला होता आणि बायका अंगणात होत्या. मी खोलीत शिरलो. सुतळीची गाठ सोडली आणि दिव्याच्या बऱ्याच जवळ नवी मारली. मनाशी म्हटलं, जवळून किरण लागले तर लवकर बरा होईल आणि धुळ्याला जाईल. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण डॉक्टरांनी काय बजावलं होतं ते मलाही पाठ होतं.

संध्याकाळी मी दाराबाहेरच उभा होतो.

"भाऊ, आज दिवा जोडे वाटी ऱ्हायना," ती म्हणाली. दिवा जवळ आलाय हे तिला जाणवलं होतं.

"गाठ लागनी ना पाठले?"

"लागनी."

"मंग झाया. लाव."

मी तिथे तोंड उघडलं असतं तर काहीच झालं नसतं. मी उघडलं नाही.

सकाळी भाऊ पालथा पडून कण्हत होता. पाठ लालभडक, जागोजागी फोड. त्याचा आवाज कानावर आला तेव्हा मला भीती वाटली, पण त्याच्या आधी क्षणभर बरं वाटलं होतं. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

सगळे त्याच्या खाटेभोवती होते तेवढ्यात कोपऱ्यातल्या दिव्याची सुतळी हातात घेऊन मी गाठ पुन्हा जुन्या जागी मारली. तिथे सुतळीवर मळका वळ राहिला होता, त्यामुळे चुकण्याचा प्रश्न नव्हता.

"हाई काय करी टाकं वं तू!" आई बायकोवर ओरडली. "दिवा इतला जोडे कसाले लयना? भाजी टाका मन्हा पोऱ्या!"

"मी गाठवरच धरा व्हता, आत्याबाई." तिने सुतळी ताणून बघितली. गाठ जिथे असायला हवी तिथेच होती. तिचा चेहरा उतरला. त्या क्षणापासून तिचा स्वतःवरच विश्वास राहिला नाही.

भाऊ उशीत तोंड खुपसून म्हणाला, "वहिनीले काही बोलू नको, माय. मीच सरकी गऊ व्हसू."

तेव्हाही मला राग आला तो याचाच, की तो तिची बाजू घेतोय.

दिवा पेटीत गेला, मामा तो परत घेऊन गेले. फोड बरे झाले, इसब मात्र पुन्हा पसरलं. ते अजून आहे. भाऊ सुरतेला नोकरीला लागला. सणाला येतो, पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो, वहिनीच्या पाया पडतो. थट्टा करत नाही. तीही हसत नाही. मला हवं होतं ते झालं.

आता आमच्या घरात आम्ही दिवसाही बोलतो. मुलाला ताप आला की दवाखान्यातून औषधाची बाटली येते, तिच्यावर एका वेळी किती द्यायचं ते दाखवणाऱ्या कागदी पट्टीच्या खुणा असतात. बायको ती बाटली माझ्यापुढे करते. "तुम्हीच द्या. मन्हा हात नको." मी खुणेपर्यंत औषध ओततो. ती लांब उभी राहून बघते.

मी तिला एक वाक्य देणं लागतो: चूक तुझी नव्हती, गाठ मी बदलली होती. आणि भावाला एक: तू हलला नव्हतास. ही दोन्ही वाक्यं त्यांच्या तोंडावर बोलायची आहेत. अजून बोललेलो नाही.