राखाडी स्वेटरची दुसरी बाही

आमच्याकडे नाताळचं विणकाम जूनमध्येच सुरू होतं. पनवेलचा उकाडा अजून पुरता उतरलेला नसतो आणि बायको पंख्याखाली मांडीवर लोकर घेऊन बसते. भेटी विकत आणायच्या नाहीत, हा तिचा नेम. कुणाला टोपी, कुणाला मफलर, नातींना क्रोशाच्या पिशव्या. डिसेंबरात घाई झाली की टाके आवळले जातात, म्हणून इतक्या लवकर सुरुवात. अकरा जणांची यादी तिने फ्रिजवर चिकटवलेली असते.

गेल्या वर्षी मात्र यादीबाहेरचं एक काम तिच्या पिशवीत दिसलं. राखाडी स्वेटर. मी खोलीत आलो की ती तो उशीखाली सरकवायची.

"हे कुणाचं?"

"उरलेल्या लोकरीचं काहीतरी करतेय."

मी चौतीस वर्षं कारखान्यात स्टोअरकीपर होतो. उरलेला माल कुठला आणि नवा कुठला, हे मला कळतं. पिशवीत त्याच रंगाचे चार कोरे गुंडे होते, कागदी पट्टीसकट. त्यात ती हल्ली फोन आला की गॅलरीत जायची आणि दार ओढून घ्यायची.

एकदा ती भाजी आणायला गेल्यावर मी टेप काढून स्वेटर मोजला. छाती बेचाळीस. माझी अडतीस. जावयाची त्याहून कमी. बेचाळीस छातीचा माणूस कोण, हे मी दोन दिवस डोक्यात घोळवत होतो. चर्चच्या गायनमंडळात एक विधुर आहेत, चांगले भरदार. उपासनेनंतर बायको त्यांच्याशी हसून बोलते. पुढच्या रविवारी मी प्रार्थनेत डोळे मिटलेच नाहीत. त्यांच्या खांद्यांकडे बघत बसलो. या वयात असले विचार करायची लाज वाटत होती, तरी थांबवत नव्हते.

ऑक्टोबरात ती दुपारी झोपलेली असताना मी परत पिशवी उघडली. स्वेटर जवळजवळ झाला होता. डावी बाही मनगटापर्यंत. उजवी कोपराच्या जरा खाली थांबलेली. अर्धवट राहिली असेल म्हणून बघितलं, तर नाही. तिथे उलटसुलट टाक्यांची पट्टी घालून टोक नीट शिवून बंद केलं होतं.

मी पलंगाच्या कडेवर बसलो. तसा हात माझ्या ओळखीत एकाच माणसाचा आहे. माझा थोरला भाऊ. विशीत असताना प्रेस मशीनमध्ये त्याचा उजवा हात गेला.

त्याच्याशी मी नऊ वर्षं बोललो नव्हतो. आई उरणला त्याच्याकडे होती. ती सकाळी गेली, आणि मला निरोप मिळाला तो संध्याकाळी. मी पोचलो तेव्हा दफन होऊन गेलं होतं.

बायको जागी झाली. माझ्या हातात स्वेटर बघून घाबरली नाही.

"थंडीत त्यांचा हात ठणकतो," ती म्हणाली. "वहिनींचा फोन येतो मला. दोन वर्षं झाली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर विणू दिला असतात?"

डिसेंबरात ती उरणला निघाली तेव्हा म्हणाली, "मी एकटी जाऊन येते." मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि एसटीत तिच्या शेजारी बसलो.

वहिनीने दार उघडलं. मागून भाऊ आला. केस पूर्ण पांढरे झालेले. माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "उन्हात काय उभा? आत ये."

स्वेटर त्याला बरोबर बसला. तो काचेच्या कपाटासमोर उभा राहून आखूड बाहीवरून डावा हात फिरवत होता. मला राहवलं नाही.

"आईच्या वेळी इतक्या उशिरा का कळवलंस, दादा?"

"सकाळीच तुमच्या कारखान्याच्या गेटवर फोन केला होता. निरोप देतो म्हणाले."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू बोलू कुठे दिलंस?"

गेटवर त्या दिवशी कोण असेल, हे मी आठवू लागलो. दोन नावं डोळ्यांसमोर आली. दोघंही निरोप विसरणारे नव्हते. फोन खरंच केला होता का? वहिनीच्या चेहऱ्याकडे बघितलं, बायकोच्याही. काही कळलं नाही. आजही मला ते पुरतं पटलेलं नाही आणि आता विचारणार कुणाला?

पण जेवायला थांबलो. वहिनीने मासे तळले होते. लहानपणापासून आम्ही शेजारी जेवायचो, आणि हात गेल्यावर पहिली काही वर्षं त्याच्या माशाचे काटे मीच काढायचो. तसाच माझा हात त्याच्या ताटाकडे गेला.

"राहू दे. जमतं मला," तो म्हणाला.

मात्र ताट त्याने मागे ओढलं नाही. मी काटे काढत राहिलो.