आमच्या दुकानात बांधलेलं जहाज

सुताराच्या दुकानात भुसा आणि किस्से, दोन्ही रोज झाडावे लागतात. नाही झाडले तर पाय ठेवायला जागा उरत नाही! दिग्रसच्या आमच्या दुकानात दिवाण बनतात, चौकटी बनतात. माझे मालक, म्हणजे सुरेशचे वडील, होते तेव्हा बैलांच्या बंड्याही बनायच्या. आता मुलगा सुरेश दुकान सांभाळतो, आणि पॉलिशला मालकांच्या वेळचे रहीमभाऊ आहेत. पण गेल्या पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत जेवढे किस्से साचले, तेवढे एवढ्या वर्षांत साचले नव्हते. कारण त्या दिवसांत आमच्या दुकानात जहाज बनून राह्यलं होतं. आणि बनवणारी मी!

* * *

सुरेशची मुलगी अस्मिता बारावी झाली. म्हणाली, जहाजावर अधिकारी व्हायचा कोर्स करते. फॉर्मवर बापाची सही पाहिजे.

"समुद्र पाह्यला का आपल्या खानदानात कोणी?" सुरेश म्हणाला. "मी नाही करत सही."

पोरगी रडली नाही. कॉलेजात तिला बक्षीस मिळालेलं एक खोकं होतं, तुकडे जोडून लाकडी जहाज करायचं. ते तिनं रागानं माळ्यावर फेकलं. मी ते खाली उतरवायला लावलं.

"सुरेश, हे जहाज मी जोडते. दसऱ्याच्या आत. जोडलं तं सही करशीन?"

"माय, तू? तू तं कधी खिळाबी ठोकला नाही!"

"करशीन का नाही, तेवढं सांग."

हसत हसत "करतो" म्हणाला. रहीमभाऊंनी पॉलिशचा बोळा खाली ठेवला. "सुरेश, मैंने सुन लिया हां!"

* * *

खोक्यात पुस्तक निघालं. अस्मितानं उघडलं आणि कपाळाला हात लावला. "आजी, हे तं इंग्रजीबी नाही. भलत्याच भाषेत आहे. आता कसं वाचाचं?"

"मले काय विचारतं? मले तं सगळीच पुस्तकं सारखी!"

मी पानं उलटत गेले. प्रत्येक तुकड्याचं चित्र होतं, बाण काढले होते. दुपारपर्यंत मी सगळे तुकडे ओळीनं मांडले. अस्मिता बघतच राहिली. "आजी, तुले कसं समजलं?"

"तू अक्षरं पाहून राह्यली होती, बाई. मी चित्र पाहून राह्यली होती."

* * *

जहाजाच्या फासळ्यांवर लाकडाच्या बारीक पट्ट्या वाकवून बसवायच्या असतात. सुरेशला राहवेना. "सरक माय, हे सुताराचं काम हाय," म्हणून बसला. पहिली पट्टी कटकन मोडली. दुसरी मोडली. तिसरीवर रहीमभाऊ म्हणाले, "अरे, ये दरवाजा नहीं है. धक्का मत मार!"

मी पट्ट्या घरात नेल्या, गरम पाण्यात भिजवल्या. पितळेच्या गुंडात, म्हणजे पाण्याच्या हंड्यात, उकळतं पाणी भरलं, पट्ट्या त्याच्या पोटावर लावल्या आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी करकचून बांधल्या. सकाळपर्यंत अशा वाकल्या, की जन्मापासून तशाच असाव्यात!

पण सकाळी पाहुणे आले. सून पाणी घ्यायला गेली तर गुंड पट्ट्या-चिंध्यांत गुंडाळलेला. पाहुणे पाहत राहिले. मग हळूच विचारलं, "याले कोणत्या दवाखान्यात नेलतं?"

* * *

आता माझी चूक सांगते. सगळ्यांच्या चुका सांगायच्या आणि आपली गिळायची, असं मी करत नाही.

जहाज वळवायची एक फळी असते, सुकाणू म्हणतात. मी ती पुढं चिकटवली. गोंद पक्का वाळला. अस्मिता बाहेरून आली आणि हसत खालीच बसली.

"आजी, सुकाणू मागं असते!"

"काहून? बंडी हाकणारा तं पुढं बसते."

"जहाज मागूनच वळवतात, आजी."

"मंग बैल कुठं जुपतात?"

रहीमभाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. सुरेशही हसला, पण मग गुपचूप माझ्या बाजूला येऊन बसला. गरम फडका लावून लावून आम्ही दोघांनी ती फळी सोडवली. एवढा वेळ माझ्याजवळ तो लग्नानंतर पहिल्यांदाच बसला असेल!

* * *

गल्लीत बातमी पसरली. जो तो येऊन एकच विचारायचा, "पाण्यात चालते का?"

"नाही चालत," अस्मिता सांगायची. "शोकेसमध्ये ठेवायचं असते."

शेजारची कमलबाई नाक मुरडून म्हणाली, "पाण्यात चालत नाही, तं जहाज कायले म्हणाचं?"

मी म्हटलं, "कमल, लग्नात तुह्या सुनेनं दिवाण आणला, त्यावर कोण झोपते?"

"कोणी नाही. गाद्या-गोधड्या रचल्या त्यावर."

"तरी दिवाणच म्हणतं ना?"

शिडं शिवायला बसले तेव्हा तीच कमल पुन्हा आली. निरखून म्हणाली, "हे तं गोधडीचे टाके हायत!"

"मंग? समुद्रावर थंडी वाजत नाही का?"

* * *

दसऱ्याला दोन दिवस होते. जहाज टेबलावर तयार उभं. तिन्ही डोलकाठ्या, सगळे दोर, शेवटच्या गाठीपर्यंत.

सुरेश आला. गुण्या लावून काटकोन पाहिला. फूटपट्टी लावली. एक डोळा मिटून डोलकाठ्या सरळ आहेत का पाहिल्या. खाली वाकून पोटाच्या पट्ट्यांवरून नख फिरवलं. माझी अशी परीक्षा आयुष्यात कोणी घेतली नव्हती! अस्मिता फॉर्म छातीशी धरून उभी. सुरेशनं परत गुण्या उचलला.

तेवढ्यात घाटंजीचं एक गिऱ्हाईक दिवाण बघायला आलं आणि जहाजापाशीच थांबलं.

"सुरेशभाऊ, हे तुम्ही बनवलं?"

सुरेशनं गुण्या खाली ठेवला. "नाही जी. एवढं बारीक काम मले नाही जमत. माह्या मायनं बनवलं."

"कुठं शिकल्या त्या?"

"इथंच. आमच्या दुकानात."

मग त्यानं अस्मिताकडं हात केला. "आन तो फॉर्म."

सही केली. सावकाश, पूर्ण नाव लिहून. मग खालच्या रेघेवर बोट ठेवलं. "हे कोणासाठी?"

"साक्षीदारासाठी, बाबा."

"इथं माय करन."

"मले सही येते का रे?"

शाईचं पॅड शोधलं, सापडलं नाही. सुरेशनं माझा अंगठा धरला, रहीमभाऊंच्या सागवानी पॉलिशच्या वाटीत बुडवला आणि कागदावर दाबला.

अस्मिता ओरडली, "बाबा! पुसलं गेलं तं?"

रहीमभाऊंनी कागद उचलला, फुंकर मारून वाळवला आणि तिच्या हातात दिला.

"नहीं जाता, बेटी. पक्का पॉलिश है. समंदर में भी नहीं छूटेगा!"