पितृपंधरवड्यातली पोच

दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचल्याशिवाय गॅस न पेटवणाऱ्या कुसुमताईंनी निविदेची तारीख चुकवत आणली, यावर त्यांच्या नवऱ्याचा विश्वासच बसला नसता. म्हणून घरी फोन न करताच त्यांनी लातूरच्या स्टँडवरून शिरूर अनंतपाळची एसटी धरली.

एका बांधकाम कार्यालयात त्या निविदांचं टेबल सांभाळत. बावीस वर्षं, आधी नांदेडकडं, मग लातूरला. शिरूरजवळच्या नाल्यावरच्या पुलाला सर्वांत कमी दर दयानंद गुत्तेदाराचा आला होता. तो दर एकशेवीस दिवस बांधील. तेवढ्या दिवसांत त्याला स्वीकृतीपत्र देऊन पोच घ्यायची, नाहीतर सगळं पहिल्यापासून. साहेबांच्या सहीचं पत्र दहा दिवसांपूर्वीच टेबलावर आलं होतं. पण पितृपंधरवडा लागलेला. दरसालच्या सवयीनं ताईंनी ते खणात ठेवलं. सोमवारी घट बसले की देऊ. आज शुक्रवारी दिवस मोजले, तर एकशेविसावा आजचाच.

दयानंद ओसरीवर बसला होता. पत्र बघून त्यानं हात मागं घेतला.

“पितरांच्या दिवसांत नवं काम? न्हाई ताई. मागल्या साली तुम्हीच म्हणलात, घट बसू द्या म्हणून.”

“म्हणाले होते. चुकलंच माझं.”

“मग सोमवारी या की.”

“सोमवारी हा कागद रद्दी. फेरनिविदा निघणार, आणि पुढच्या पावसाळ्यातही पोरं नाल्याच्या अलीकडंच अडकणार.”

त्याची आई चतुराबाई भज्यांचा झारा घेऊनच बाहेर आली. “नाला भरला तवा तुझी पोरगी तीन दिस मामाकडं अडकली. तवा कोन्ता मुहूर्त होता रं?”

“अन् दोष लागला तर, आई?”

“माझ्या नावानं लागू दे,” कुसुमताई म्हणाल्या. “उशिराचं कारण कागदावर माझंच लिहून ठेवलंय.”

“तुमच्या नावानं लागला तरी पूल माझाच पडायचा,” दयानंद हसला, आणि त्यानं तारीख घालून सही केली.

परतीच्या गाडीत ताईंना हायसं वाटायला हवं होतं. पण खणात पडून राहिलेली जुनी पत्रं एकेक करून आठवू लागली. बरीचशी वेळेत गेली होती. दोनदा मात्र मुदत टळली, आणि फेरनिविदेवर ‘तांत्रिक कारणास्तव’ असा शेरा त्यांनीच मारला होता. एक नांदेडकडची शाळेची खोली होती. दुसरं गाव कोणतं, ते काही केल्या आठवेना.